धुणे आणि ठेवणे

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात माझ्या वडिलांचे स्क्रीन प्रिंटिंगचे दुकान होते. 'दुकान' हा शब्द केवळ सवयीने वापरतो आहे. प्रत्यक्षात बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली, तिच्या मागे पत्र्याच्या आडोशाची मोरी आणि वर एक माळा, एवढाच तो पसारा. खोलीत बाबा छापत, आत्या ओल्या पत्रिका दोरीवरच्या चिमट्यांना आणि लाकडी फळ्यांवर वाळत घाली, आणि मोरी माझ्याकडे होती. शाळेतून आल्यावर संध्याकाळी दीड-दोन तास मी छापून झालेल्या स्क्रीन धूत असे. पुढे मी मराठी शिकलो, मराठी शिकवू लागलो. लोप, खूण, पाठभेद, प्रक्षेप असल्या शब्दांनी माझे वर्ग भरलेले असतात. पण लिहिलेले पुसायचे कसे, आणि पुसूनही काय उरते, याचा पहिला धडा मला त्या मोरीत मिळाला. तो धडा मी पस्तीस वर्षे चुकीचा वाचत होतो, हे अलीकडे कळले. त्याविषयीच हे टिपण.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. लाकडी चौकटीवर बारीक विणीची जाळी ताणून बसवतात. एके काळी ती रेशमाची असे, पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. बाजारात तिला अजून 'बोल्टिंग क्लॉथ' म्हणतात. पत्रिकेसारख्या नाजूक कामाला सेंटिमीटरला १२० धाग्यांची जाळी लागते, कापडावर छापायचे तर त्याच्या निम्म्या धाग्यांचीही चालते. या जाळीवर अंधाऱ्या खोलीत प्रकाशाला जागणारे इमल्शन चढवायचे, ते वाळले की त्यावर काळ्या शाईत लिहिलेला ट्रेसिंग पेपर ठेवायचा, वरून काच दाबायची आणि चौकट उन्हात धरायची. आमच्याकडे दिवे नव्हते; बाबा उन्हाकडे एकवार बघत आणि तोंडाने आकडे मोजत. ऊन लागेल तिथले इमल्शन घट्ट होते. अक्षरांच्या सावलीत राहिलेले मऊ राहते, आणि पाणी मारताच वाहून जाते. म्हणजे स्क्रीनवरचे अक्षर ही मुळात एक मोकळी जागा असते. सभोवतालचे सगळे बंद असते आणि अक्षरापुरते उघडे असते, तेवढ्यातून शाई खाली उतरते. अक्षर म्हणजे जिथे काही नाही ती जागा, हे वाक्य पुढे मी सिद्धान्ताच्या पुस्तकांतून निरनिराळ्या रूपांत वाचले. पहिल्यांदा ते मला डोळ्यांनी दिसले होते, चौकट खिडकीसमोर धरल्यावर.

छपाई आटोपली की बाबा चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने दोनांपैकी एक शब्द लिहीत. बिलबुके, लेटरहेड, एखाद्या दुकानाच्या पिशव्या, अशी पुन्हा येणारी कामे असत. त्यांच्या चौकटींवर 'ठेवणे'. लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत, ही माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच छापायची कामे, त्यांच्यावर 'धुणे'. 'ठेवणे'च्या चौकटी माळ्यावर जात, 'धुणे'च्या माझ्याकडे येत. चौकट आणि जाळी महाग असे, आणि तीच जाळी पंधरा-वीस वेळा वापरली तरच धंदा परवडे. त्यामुळे आमच्या घरचे जेवण बऱ्याच अंशी मी नीट पुसण्यावर अवलंबून होते, असे म्हटले तर ती केवळ अतिशयोक्ती ठरू नये.

धुण्याचा क्रम ठरलेला होता. आधी उरलेली शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून डब्यात परत. मग थिनरमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी जाळी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पुसायची, एक हात आत, एक हात बाहेर, जणू मधल्या कापडातून दोन तळहात एकमेकांना शोधताहेत. शाईचा कण राहिला तर पुढचे औषध तिथे पोहोचत नाही. नंतर डीकोटिंगची पावडर पाण्यात कालवून ब्रशने दोन्ही अंगांना लावायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे, पुन्हा एकदा घासायचे आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याचा जोरकस फवारा मारायचा. घट्ट इमल्शन दुधाच्या सायीसारखे सुटून येई. ते पाहण्यात एक विलक्षण समाधान होते. वधूवरांची नावे, मुहूर्त, आजोबांपासून आत्येभावंडांपर्यंतची निमंत्रकांची रांग, 'आहेर आणू नये' ही तळटीप, सगळे एकामागून एक मोरीच्या जाळीत जाई, आणि हातात पांढरे, ताणलेले, निर्विकार कापड उरे. शेवटी कपड्यांच्या पावडरीने तेलकटपणा काढायचा, आणि मग जाळीला बोट लावायचे नाही. बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुढच्या इमल्शनला धरू देत नाही.

मात्र ती जाळी खरोखर निर्विकार नसे. उजेडात तिरकी धरली की आधीच्या मजकुराची फिकट आकृती दिसे. शाईचा रंग धाग्यांत मुरलेला असे. धंद्यात याला 'घोस्ट' म्हणतात. बाबा 'सावली' म्हणत. सावली काढायला कॉस्टिकची लेई मिळे, पण ती जाळीही खाते आणि कातडीही, म्हणून बाबा ती फार क्वचित वापरत. सावली छपाईत उतरत नसेल तर असू द्यावी, असे त्यांचे मत. एकदा मी एका जाळीवर मोजल्या तर चार लग्ने दिसली, एकावर एक. त्यांतली एक सावली आमच्याच वर्गातल्या मुलाच्या बहिणीची होती. तिच्या नावावरून पुढे तीन वधूंची नावे छापून गेली होती आणि यांतल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

आता डीकोटिंगविषयी. या पावडरीतला मुख्य पदार्थ सोडियम मेटापेरआयोडेट. इमल्शनमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांब साखळ्या असतात. त्या एरवी पाण्यात विरघळतात, पण बायक्रोमेटच्या सान्निध्यात ऊन लागले की एकमेकींना बांधल्या जातात आणि मग पाण्याला दाद देत नाहीत. अशा साखळ्या तोडायच्या तर दुबळा दुवा शोधावा लागतो. साखळी घडताना बहुतेक दुवे एकाच दिशेने जोडले जातात, पण शंभरांत एखाद-दुसरा उलटा जोडला जातो, आणि तिथे दोन हायड्रॉक्सिल गट अगदी शेजारी येतात. अशी शेजारची जोडी पेरआयोडेट तोडते, हे लेओं मालाप्राद या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९२८ साली दाखवले होते. हे सारे मला फार उशिरा, महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडून समजले. आमच्या मोरीत त्या सगळ्या विद्येचा एकच नियम होऊन आला होता, आणि तो बाबा रोज बजावत: औषध लावल्यावर जाळी सोडून हलायचे नाही. औषध जाळीवर वाळले तर उलटे काम होते. जे सुटायचे ते कायमचे बसते. मग पाणी नाही, पुन्हा लावलेले औषध नाही, काहीही चालत नाही; जाळी कापून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

१९८८ च्या उन्हाळ्यात आत्याचे लग्न ठरले. मी तेव्हा तेरा वर्षांचा, आत्या चोवीसची. पत्रिकेची अक्षरे बाबांनी स्वतः लिहिली. एरवी ते गिऱ्हाइकाच्या घाईने लिहीत, पण या वेळी रात्री दुकानात दिवा लावून बसले. शिरोरेषा एका श्वासात ओढत, वेलांट्यांना बाक देत. तीनशे पत्रिका छापल्या. वाटायला सुरुवात व्हायची होती तोच लग्न मोडले. देण्याघेण्यावरून काही झाले, एवढेच माझ्या कानावर आले. मुलांना त्याहून अधिक सांगण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. पत्रिका बंबात गेल्या. आठ दिवस आम्ही त्या पाण्याने आंघोळी केल्या. बाबांनी चौकटीवर 'धुणे' लिहिले आणि काही न बोलता ती मोरीत आणून ठेवली.

मी शाई पुसली, औषध लावले. वाट पाहण्याची ती दोन-तीन मिनिटे. वाचनालयाचे पुस्तक मी मोरीच्या कट्ट्यावर ठेवले होते, शेवटची काही पाने उरली होती. मे महिना, वर तापलेला पत्रा. पुस्तक मिटून वर पाहिले तेव्हा जाळी कोरडीठाक झाली होती. मी फवारा मारला, घासले, पुन्हा औषध लावले, कॉस्टिकची लेई सुद्धा चोरून लावून पाहिली. दोन-चार ठिकाणी पापुद्रा सुटला, बाकी सगळे होते तसेच राहिले. चौकट खिडकीसमोर धरली तर आत्याचे नाव, तिच्या शेजारी ते दुसरे नाव, आणि मधले 'आणि' उन्हाने झगझगत होते. जे घरातल्या प्रत्येकाला पुसून हवे होते, ते माझ्या हातून कायम झाले होते.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी चौकट उलटीपालटी करून पाहिली आणि माळ्यावर टाकायला सांगितली. जाळी कापून नवी ताणायला खर्च येतो, हंगाम संपल्यावर पाहू, म्हणाले. तो हंगाम कधी संपला नाही. आत्याने पुढे लग्न केले नाही. ती दुकानातच राहिली, प्रूफे वाचू लागली, हिशेब पाहू लागली. माळ्याकडे नजर गेली की माझ्या पोटात खड्डा पडे. माझी समजूत अशी होती की त्या मोडलेल्या लग्नाचा सल ओसरला असता, आत्याने कदाचित नव्याने काही मांडले असते. पण मी तो मजकूर पक्का करून ठेवला होता. मुलाच्या मनाने केलेले हे गणित खुळचट आहे, हे मोठेपणी कळे. तरी ते पुसले जात नसे.

मराठी शिकवू लागल्यावर मी या प्रसंगाला अर्थ देऊ लागलो. धंदेवाईक वाचकाची ती खोडच. आपल्याकडे पुसण्याच्या दोन रीती होत्या, असे मी वर्गात सांगत असे. एक धूळपाटीची: बोटाने लिहावे, हात फिरवावा, धूळ पुन्हा कोरी. दुसरी हस्तलिखितांची: लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि त्यावर नवे लिहायचे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. हरताळाने अक्षर झाकले जाते, जात नाही; लेपाखाली ते असतेच. स्क्रीन ही मला तिसरी रीत वाटे: धुऊनही सावली ठेवणारी. यावर मी चांगली व्याख्याने दिली आहेत. माळ्यावरच्या चौकटीचा उल्लेख मात्र त्यांत कधी केला नाही. उदाहरण म्हणून वापरण्याइतकी ती माझ्यापासून दूर गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी व्याख्यानांत गाळत असे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड, एक विष. आमचे नारिंगी बायक्रोमेट हेही विषच. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा आम्हाला एवढेच ठाऊक होते की बाबांच्या बोटांच्या पेरांवरच्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. हातमोजे नव्हते. मोरीतले नारिंगी पाणी बोळाच्या गटारात जाई, गटार नाल्याला मिळे आणि नाला कृष्णेला. पुसले म्हणजे गेले, असे आम्ही मानत होतो. ते फक्त खालच्या अंगाला जात होते. हल्ली बायक्रोमेटवाचूनची इमल्शने मिळतात, पण त्या वर्षांत धुतलेले आम्ही परत आणू शकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी बोळात शिरले, दुकानात कमरेच्या वर चढले आणि काही दिवस तिथेच राहिले. ते ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ आणि खोलीभर काळा चिखल. बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आपण दिलेलं परत आलं." मला तो विनोद वाटला. आता तसे वाटत नाही. त्यानंतर त्यांनी दुकान उघडले नाही. २०२२ मध्ये ते गेले.

मागच्या वर्षी जागा रिकामी करायची होती म्हणून मी आणि आत्या माळ्यावर चढलो. पूर तिथवर पोहोचला नव्हता. 'ठेवणे'च्या चौकटी ओळीने उभ्या होत्या. बंद पडलेल्या गिरण्यांची लेटरहेडे, न राहिलेल्या दुकानांच्या पिशव्या. सगळ्यांच्या मागे, जुन्या धोतरात गुंडाळलेली ती चौकट. मी फडके सोडले. लाकडावर बाबांच्या अक्षरात 'धुणे' होते. त्यावर एक आडवी रेघ, आणि खाली दुसऱ्या हाताचे 'ठेवणे'. त्या 'ठ'चा पूर्ण गोल आणि 'व'ला लागलेला शेपटीसारखा फराटा मी हजार प्रुफांच्या समासात पाहिला होता. ते आत्याचे अक्षर होते.

मी तिच्याकडे पाहिले. तिने चौकट माझ्या हातातून घेतली, झरोक्यासमोर धरली, चष्मा कपाळावर सरकवून ओळीने वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"वार चुकलाय," ती म्हणाली. "तिथीला गुरुवार नव्हता, शुक्रवार होता. स्वतःच्या लग्नाचं प्रूफ वाचायचं नसतं म्हणून दादानं मला दाखवलं नव्हतं."

मी पस्तीस वर्षे साठवलेले सगळे एका दमात बोलून टाकले: औषध, पुस्तक, तापलेला पत्रा. ती ऐकत राहिली.

"मोडलं कुणी, असं वाटतं तुला?" तिने विचारले. "त्यांनी? अरे, मी नको म्हटलं. साखरपुड्यानंतर त्यांची यादी वाढत चालली. दादा कर्ज काढायला निघाला होता. मी म्हटलं, मला नाही जायचं. पण बहिणीनं मोडलं म्हणायचं तर लोक काय बोलतील, म्हणून त्यांनी मोडलं असं सांगायचं ठरलं. मी एकदाच आयुष्यात नाही म्हटलं होतं, आणि तेच कुणाला सांगायची सोय नव्हती. तुझ्याकडून ती जाळी वाळली तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, कुठं तरी राहिलं."

मला काही सुचेना. ज्याला मी जखमेची खूण म्हणून वाचत आलो होतो, ती तिच्या लेखी तिच्या नकाराची एकमेव नोंद होती. तीही अशी की ज्यात नकाराचा शब्दही नाही, उलट अगत्याचे निमंत्रण आहे. मजकूर तोच होता. त्याच्यावर कोणता शेरा कुणी मारला, हे पाहायला मी चौकट कधी उलटवलीच नव्हती. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, संहितेबरोबर तिचे समासही वाचा.

"आता ही घरी नेऊ," मी म्हणालो. ती भिंतीवर कशी दिसेल, तिच्यामागे उजेड कसा असावा, इथवर माझे मन पोहोचले होते.

"कशाला?" आत्या म्हणाली. "चौकट सागवानी आहे, कुठं वाकलेली नाही. शेजारच्या पोरींना कापडी पिशव्या छापायच्यात, मी शिकवणार आहे त्यांना. जाळी काप आणि दुसरी ताणून दे. साठचं कापड आण."

"पण तू 'ठेवणे' लिहिलं होतंस."

"तेव्हा ठेवायची होती," ती म्हणाली. "आता सांगितलं की तुला."

मी कटर आणला. जाळीचा ताण इतक्या वर्षांनीही शिल्लक होता. पहिला छेद दिला तेव्हा ढोलकीवर थाप पडावी तसा आवाज झाला. चारी बाजू कापून झाल्यावर तो तुकडा हातात पिसासारखा हलका आला. सुरकुतला आणि त्यावरचा पापुद्रा भुरभुर गळू लागला. अक्षरे ओळखू येईनात. आत्याने तो बाजूच्या कचऱ्याच्या पोत्यात टाकला आणि मी तो बाहेर काढला नाही. एवढा एक मोह मला आवरता आला, याचे मला अजून नवल वाटते.

मग आम्ही चौकट मोरीत नेली. कडांवर जुना गोंद घट्ट बसला होता. तो ओल्या चिंधीने मऊ करून पत्रीने खरवडावा लागतो, नाहीतर नवी जाळी सपाट बसत नाही. आत्या पाणी घालत होती, मी घासत होतो. पेन्सिलीचे ते दोन्ही शब्द लाकडावर तसेच होते. ते पुसू की राहू देऊ, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "पॉलिश पेपर मार. पोरींना कळायला हवं ना, कुठली धुवायची आणि कुठली ठेवायची ते."